वेठ ते सहकार : माणसाच्या शेजारी काम करणाऱ्या यंत्रहस्ताचा ऐतिहासिक आढावा

सारांश

कारखान्यात कामगाराच्या शेजारी, मधे कुंपण न ठेवता काम करणाऱ्या यंत्रहस्तास 'सहकारी यंत्रहस्त' अथवा 'कोबॉट' असे म्हणतात. 'रोबोट' या शब्दाच्या मुळाशी वेठ आहे, तर 'कोबॉट' या शब्दाच्या मुळाशी सहकार्य आहे. शब्दांतील हा प्रवास प्रत्यक्ष श्रमव्यवस्थेतही घडला आहे काय, या प्रश्नाचा प्रस्तुत निबंधात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे. सहकाराची दीर्घ परंपरा असलेल्या महाराष्ट्रात या प्रश्नास विशेष महत्त्व आहे.

बीजसंज्ञा : यंत्रहस्त, वेठ, सहकार, कामगार, यंत्रसुरक्षा, भामरागड

१. प्रास्ताविक

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांच्या संगमावर वसलेले भामरागड हे गडचिरोली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की या गावाचा बाहेरच्या जगाशी असलेला संपर्क आजही तुटतो. अशा ठिकाणी इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकाने कारखान्यातील यंत्रहस्तावर निबंध लिहावा, हे वाचकांस काहीसे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. म्हणून या विषयाचे निमित्त प्रारंभीच नमूद करणे उचित ठरेल.

आमच्या महाविद्यालयातून पदवी घेतलेला एक माडिया विद्यार्थी पुणे परिसरातील एका कारखान्यात कंत्राटी कामगार म्हणून लागला. गेल्या पंडुमच्या सुटीत तो भेटावयास आला असता त्याने आपल्या शेजारी काम करणाऱ्या यंत्रहस्ताचे वर्णन केले. माणसाच्या हातासारखा तो वळतो, बोल्ट आवळतो आणि माणसाचा धक्का लागताच जागच्या जागी थांबतो. वर्गातील मुले थक्क होऊन ऐकत होती. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "सर, आपण हात लावला की तो थांबतो. पण लाइन थांबत नाही." या एका वाक्यात यंत्रयुगाच्या इतिहासातील एक जुना प्रश्न दडलेला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटले. हा निबंध त्या वाक्याच्या अनुषंगाने केलेला शोध आहे.

२. निबंधाची उद्दिष्टे

१) सहकारी यंत्रहस्ताच्या उदयाची ऐतिहासिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२) माणूस व यंत्र यांच्यामधील कुंपण का उभे राहिले व ते का काढले गेले, याचा शोध घेणे.
३) महाराष्ट्रातील उद्योगांत या यंत्राचा झालेला वापर पाहणे.
४) महाराष्ट्रात रूढ असलेल्या 'सहकार' या संकल्पनेच्या कसोटीवर 'सहकारी यंत्र' या कल्पनेची तपासणी करणे.

३. 'रोबोट' : वेठीचे अपत्य

'रोबोट' हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या १९२० साली प्रसिद्ध झालेल्या 'आर. यू. आर.' या नाटकाने जगाला दिला. तो शब्द त्यांना त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचवला होता. चेक भाषेतील 'रोबोटा' या मूळ शब्दाचा अर्थ जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे काम असा आहे. मराठीत त्यास नेमका प्रतिशब्द आहे, तो म्हणजे 'वेठ'. एखाद्या युरोपीय शब्दाला इतका तंतोतंत मराठी प्रतिशब्द मिळावा, हा केवळ भाषिक योगायोग नव्हे. दोन्ही समाजांनी जमीनदारी व्यवस्थेचा अनुभव घेतला होता.

तत्कालीन चांदा जिल्ह्याच्या पूर्वेकडील जंगलप्रदेश हा जमीनदाऱ्यांचा प्रदेश होता. साहेबांचे सामान वाहणे, रस्ता साफ करणे, लाकूड तोडून देणे ही कामे मोबदल्यावाचून अथवा नाममात्र मोबदल्यावर करून घेतली जात. स्वातंत्र्यानंतर तत्कालीन मध्य प्रदेश राज्याने १९५० साली केलेल्या कायद्याने जमीनदारी संपुष्टात आली आणि १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे देशभर निर्मूलन करण्यात आले. ज्या समाजाच्या स्मृतीत वेठ अजून ताजी आहे, त्या समाजातील तरुणास 'रोबोट' या शब्दाचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. जो राबतो पण काम नाकारू शकत नाही, तो रोबोट.

४. कुंपणाआडचे यंत्र

चापेक यांची कल्पना प्रत्यक्षात येण्यास सुमारे चार दशके लागली. जॉर्ज डेव्होल या अमेरिकन संशोधकाने १९५४ साली यंत्रहस्ताच्या एकस्वासाठी अर्ज केला व १९६१ साली त्यास मान्यता मिळाली. जोसेफ एंगलबर्गर यांच्या साहाय्याने तयार झालेला 'युनिमेट' हा यंत्रहस्त त्याच वर्षी न्यू जर्सी राज्यातील जनरल मोटर्सच्या कारखान्यात बसवण्यात आला. साच्यातून बाहेर येणारे तप्त धातूचे भाग उचलून ठेवणे हे त्याचे काम होते. सुमारे १८०० किलो वजनाचे हे यंत्र चुंबकीय ढोलावर नोंदवलेल्या सूचनांनुसार हालचाल करी. माणसाला घातक असलेले काम यंत्राने पत्करले, हे त्याचे निर्विवाद श्रेय होय.

तथापि या यंत्राला डोळे नव्हते आणि स्पर्शाची जाणीवही नव्हती. आपल्या वाटेत लोखंड आहे की माणूस, हे त्यास कळत नसे. २५ जानेवारी १९७९ रोजी मिशिगन राज्यातील फ्लॅट रॉक येथील फोर्डच्या ओतकाम कारखान्यात यंत्रहस्ताच्या आघाताने एका तरुण कामगाराचा मृत्यू झाला. यंत्रहस्तामुळे झालेला हा पहिला नोंदलेला मृत्यू मानला जातो. आपल्या देशातही ऑगस्ट २०१५ मध्ये हरियाणातील मानेसर येथे वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात अशीच दुर्घटना घडली. अशा धोक्यांमुळेच यंत्रहस्ताभोवती जाळीचे कुंपण घालावे, त्याचे दार उघडताच यंत्र बंद पडावे, अशी पद्धत सर्वत्र रूढ झाली.

कुंपणाची ही कल्पना भारतीय कायद्यास नवीन नव्हती. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम २१ ने यंत्रांच्या धोकादायक हलत्या भागांना भक्कम आवरण घालण्याचे बंधन कारखानदारावर टाकले होते. पुढे या अधिनियमातील तरतुदी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत समाविष्ट करण्यात आल्या. यंत्रापासून कामगारास दूर ठेवणे म्हणजे त्याचे रक्षण करणे, ही विसाव्या शतकातील यंत्रसुरक्षेची मूळ धारणा होती.

५. कुंपण दूर झाले ते कसे ?

ही धारणा बदलण्याची सुरुवात १९९० च्या दशकात झाली. मोटारींची जुळणी करताना जड दरवाजे व इतर भाग उचलणाऱ्या कामगारांना पाठीचे व खांद्याचे विकार जडत होते. यावर उपाय शोधण्याचा उपक्रम जनरल मोटर्सने हाती घेतला. त्यात भारतीय वंशाचे अभियंते प्रसाद अकेला यांचा महत्त्वाचा वाटा होता. याच काळात नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील जे. एडवर्ड कोलगेट व मायकेल पेश्किन या प्राध्यापकांनी १९९६ साली नव्या प्रकारच्या यंत्राची कल्पना मांडली. 'कोबॉट' हे नाव त्यांचे सहकारी ब्रेंट गिलेस्पी यांनी सुचवले.

या आद्य कोबॉटचे वैशिष्ट्य आज बहुधा विस्मरणात गेले आहे. वस्तू पुढे ढकलण्याची शक्ती त्याच्यापाशी नव्हती. जोर माणसाने लावावयाचा आणि यंत्राने केवळ वळण द्यावयाचे, अशी त्याची रचना होती. यंत्र स्वतःहून माणसावर चाल करून जाऊच शकत नव्हते, म्हणून ते सुरक्षित होते. गती आणि इच्छा ही दोन्ही माणसाच्या हाती होती.

पुढील टप्प्यात हे चित्र पालटले. जर्मनीतील कूका या कंपनीने २००४ साली वजनाने हलका व स्पर्शाची जाणीव असलेला यंत्रहस्त आणला. डेन्मार्कमधील ओडेन्से येथे २००५ साली स्थापन झालेल्या युनिव्हर्सल रोबोट्स या कंपनीने २००८ साली आपला पहिला यंत्रहस्त लिनाटेक्स या डॅनिश कंपनीस विकला. तो तेथे कुंपणावाचून कामगारांच्या शेजारी बसवण्यात आला. सहा सांध्यांचा हा हात सुमारे १८ किलो वजनाचा होता आणि पाच किलो भार उचलू शकत होता. युनिमेटच्या १८०० किलोंशी तुलना केली असता दोहोंतील अंतर सहज ध्यानी येते. हा हात मात्र स्वतःच्या शक्तीने चालणारा होता. आद्य कोबॉटमध्ये माणसाकडे असलेली गती आता यंत्राकडे आली आणि सुरक्षिततेची हमी रचनेऐवजी नियंत्रणावर आधारली गेली.

या हाताचे कार्य थोडक्यात असे सांगता येईल. प्रत्येक सांध्यातील मोटारीवर किती ताण यावा, याचा हिशेब यंत्र सतत करीत असते. अपेक्षेहून अधिक अडथळा जाणवला की ते थांबते. त्याच्या कडा गोलाकार असतात आणि माणसाजवळ त्याचा वेग मर्यादित ठेवला जातो. अशा यंत्रांसाठी २०१६ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने स्वतंत्र तांत्रिक विनिर्देश प्रसिद्ध केला. माणसाच्या शरीराच्या निरनिराळ्या भागांना किती दाबापर्यंत वेदना होत नाही, याची कोष्टके त्यात दिलेली आहेत. यंत्राच्या वेगाची मर्यादा मानवी वेदनेच्या मापाने ठरवली जावी, ही यंत्रेतिहासातील लक्षणीय घटना मानावी लागेल.

येथे एक मर्यादाही नोंदवणे आवश्यक आहे. हात सौम्य असला तरी त्याने धरलेले हत्यार सौम्य असेलच असे नाही. धारदार पाते अथवा तप्त वस्तू हाती दिल्यास 'सहकारी' यंत्रही घातक ठरते. म्हणूनच केवळ यंत्राची नव्हे, तर त्या ठिकाणच्या संपूर्ण कामाची धोका-तपासणी करावी लागते.

६. परिसरातील एक पूर्वानुभव

माणसाहून कितीतरी बलवान अशा सहकाऱ्याशेजारी कुंपणावाचून काम करण्याचा अनुभव या वनप्रदेशास पूर्वीपासून आहे. शेजारच्या अहेरी तालुक्यात कमलापूर येथे वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. जंगलातील सागवानाचे ओंडके ओढण्यासाठी व उचलण्यासाठी येथे हत्तींचा उपयोग केला जात असे. हत्ती आणि मजूर यांच्यामध्ये जाळी नव्हती, होता तो माहूत. हत्ती थकला, बिथरला किंवा त्याच्या पायास जखम झाली, तर काम थांबवण्याचा निर्णय माहूत घेई. २०२२ साली येथील हत्ती राज्याबाहेर हलवण्याच्या प्रस्तावास स्थानिकांनी विरोध केला, त्यामागे हा जुना सहवासही होता.

या उदाहरणावरून एक सूत्र हाती येते. बलवानाशेजारी निर्धोकपणे काम करावयाचे तर दोन गोष्टी लागतात. बलवानाला समोरच्याची जाणीव असावी लागते आणि काम थांबवण्याचा अधिकार जवळ असलेल्या माणसाकडे असावा लागतो. यंत्रहस्ताच्या बाबतीत पहिली गोष्ट तंत्रज्ञांनी साध्य केली आहे. दुसरी गोष्ट तंत्रज्ञानाच्या कक्षेत येत नाही.

७. महाराष्ट्रातील वाटचाल

भारतात सहकारी यंत्रहस्तांचा मोठ्या प्रमाणावर वापर करणाऱ्या पहिल्या कंपन्यांत पुण्याच्या बजाज ऑटोची गणना होते. २०१० पासून या कंपनीने युनिव्हर्सल रोबोट्सचे यंत्रहस्त वापरण्यास आरंभ केला आणि पुढे त्यांची संख्या शंभरावर गेली. चाकण येथील कारखान्यात बोल्ट आवळणे, सुटे भाग हाताळणे यांसारख्या कामांसाठी ते उपयोगात आले. कमी जागा, कमी वीज आणि दुचाकीचे नवे प्रारूप आले की त्याच हातास नवे काम शिकवण्याची सोय, ही त्यामागील कारणे होती. जुळणीच्या कामात महिलांचे प्रमाण वाढत असताना जोर लागणारी कामे यंत्राकडे गेली, ही बाबही नोंद घेण्याजोगी आहे.

पुण्यातीलच टाल मॅन्युफॅक्चरिंग सोल्युशन्स या टाटा समूहातील कंपनीने 'ब्राबो' हा यंत्रहस्त तयार केला व २०१७ साली तो बाजारात आणला. लहान व मध्यम उद्योगांना परवडावा म्हणून त्याची किंमत पाच ते सात लाख रुपयांच्या दरम्यान ठेवण्यात आली होती. यंत्रहस्त हा केवळ बड्या कारखान्यांचा विषय राहिला नाही, हे यावरून स्पष्ट होते.

गडचिरोली जिल्ह्याची औद्योगिक वाटचाल काहीशी निराळी आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड येथील लोहखनिजाचे उत्खनन २०२१ पासून नियमितपणे सुरू झाले आणि चामोर्शी तालुक्यातील कोनसरी येथे लोहप्रकल्प उभा राहिला. खाणीत पाच-दहा किलो उचलणाऱ्या हाताचे काम नाही, तेथे अवजड यंत्रे चालतात. म्हणून येथील तरुणाची सहकारी यंत्रहस्ताशी गाठ पडते ती बहुधा घरापासून शेकडो किलोमीटर दूर, पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात. तेथे तो शेतकरी नसतो, सभासद नसतो आणि पुष्कळदा कायम कामगारही नसतो.

८. 'सहकारी' कोणत्या अर्थाने ?

मराठीत 'सहकारी' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. बरोबर काम करणारा तो सहकारी, हा पहिला अर्थ. दुसरा अर्थ महाराष्ट्राच्या इतिहासाने घडवला आहे. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे शेतकऱ्यांचा साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा 'सहकारी' या शब्दास भाग, मत आणि लाभांश हे तीन अर्थ चिकटले. यंत्र शेतकऱ्याच्या शेजारी होते म्हणून तो कारखाना सहकारी ठरला नाही. यंत्रात शेतकऱ्याचा भाग होता म्हणून तो सहकारी ठरला. पुढे या चळवळीत अनेक दोष शिरले हे खरे, परंतु तत्त्व तेच राहिले.

वनप्रदेशातही हा विचार पोहोचला. आदिवासी भागांविषयीच्या १९३९ च्या सिमिंग्टन अहवालाने ठेकेदारांकडून होणारे शोषण उघड केले. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात जंगल कामगारांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या व कालांतराने विदर्भातही त्या आल्या. याच जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील लेखा-मेंढा या गावास २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. बांबू किती तोडावा, केव्हा तोडावा आणि त्याचे पैसे कसे वाटावेत, हे तोडणाऱ्यांनीच ठरवावयाचे, असा त्याचा अर्थ होता.

या पार्श्वभूमीवर कामगार चळवळीतील दोन घटना पाहाव्यात. १९२८ साली मुंबईच्या कापड गिरण्यांत एप्रिल ते ऑक्टोबर असा प्रदीर्घ संप झाला. त्याच्या प्रमुख कारणांपैकी एक म्हणजे गिरणीमालकांची 'सुसूत्रीकरणा'ची योजना होय. विणकराने दोनऐवजी तीन माग सांभाळावेत, अशी अपेक्षा तीत होती. यंत्र सुधारले, परंतु वाचलेला वेळ विणकरास मिळाला नाही, उलट आणखी एक माग त्याच्या वाट्यास आला. दुसरी घटना चाकणची आहे. २५ जून २०१३ पासून बजाज ऑटोच्या चाकण कारखान्यातील कामगारांनी सुमारे ५० दिवस काम बंद ठेवले. हे आंदोलन यंत्रहस्तांविरुद्ध नव्हते. मात्र प्रत्येक कामगारास कंपनीचे ५०० समभाग प्रत्येकी एक रुपया दराने मिळावेत, ही त्यातील एक मागणी होती. कंपनीने ती अमान्य केली आणि ती पूर्ण न होताच ऑगस्टमध्ये आंदोलन मागे घेण्यात आले. मागणी व्यवहार्य होती किंवा नव्हती, हा वादाचा विषय आहे. परंतु ज्या कारखान्यात 'सहकारी' यंत्रहस्त आले होते, त्याच कारखान्यातील कामगारांनी भागाची मागणी करावी, यात सहकाराचा दुसरा अर्थ जागा असल्याचे दिसते.

आणखी एक बाब विचारात घेतली पाहिजे. या यंत्रहस्तास काम शिकवण्याची एक पद्धत अशी की, अनुभवी कामगाराने त्याचा हात धरून हालचाल करून दाखवावयाची व यंत्राने ती लक्षात ठेवावयाची. गुरूने शिष्याचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावे तसाच हा प्रकार आहे. वर्षानुवर्षांच्या सवयीने कामगाराच्या मनगटात आलेले कौशल्य काही मिनिटांत यंत्राच्या स्मृतीत जाते. त्या कौशल्यावर हक्क कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर सुरक्षिततेची मानके देत नाहीत. तो त्यांचा विषयही नाही.

९. निष्कर्ष

१) यंत्रहस्ताभोवतीचे कुंपण यंत्राच्या आंधळेपणामुळे उभे राहिले होते. स्पर्शाची जाणीव, हलके वजन व मर्यादित वेग यांमुळे ते दूर करणे शक्य झाले.
२) १९९६ च्या आद्य कोबॉटमध्ये गती माणसाच्या हाती होती. आजच्या यंत्रहस्तात ती यंत्राकडे व पर्यायाने व्यवस्थापनाकडे आहे. नाव तेच राहिले तरी नाते बदलले आहे.
३) जड, घातक व शरीर झिजवणारी कामे यंत्राकडे जाणे हे कामगाराच्या हिताचेच आहे. त्यास केवळ विरोध करणे इतिहासाशी सुसंगत ठरणार नाही.
४) महाराष्ट्राच्या परंपरेतील 'सहकार' ही संज्ञा शेजारीपणापुरती मर्यादित नसून तीत भाग व निर्णय यांचा समावेश होतो. या अर्थाने आजचा यंत्रहस्त कामगाराचा 'सोबती' आहे, त्यास 'सहकारी' म्हणता येणार नाही.
५) यंत्रामुळे वाचलेला वेळ, यंत्रास दिलेले कौशल्य आणि कामाचा वेग या तीन बाबींत कामगाराचा शब्द असणे, ही ते नाव सार्थ होण्याची पूर्वअट आहे.

१०. समारोप

वेठीत माणूस काम नाकारू शकत नव्हता. सहकारात तो काम ठरवू शकतो. या दोन टोकांच्या मधे आजचा कारखाना उभा आहे. यंत्रास माणसाची वेदना मोजता येऊ लागली, ही लहान गोष्ट नव्हे. यंत्रयुगात कामगारास हे प्रथमच लाभले आहे. परंतु धक्का लागताच थांबणारा हात आणि कोणासाठीही न थांबणारी लाइन हे एकाच छपराखाली आहेत, हे आमच्या विद्यार्थ्याने नेमके हेरले. हाताचे थांबणे अभियंत्यांनी घडवून आणले. लाइन कोणी, केव्हा व कोणाच्या शब्दाने थांबवावी, हे ठरवण्याचे काम मात्र समाजाचे आहे आणि ते अद्याप व्हावयाचे आहे. भामरागडच्या वर्गातून दरवर्षी जी मुले त्या दिशेने निघतात, त्यांना यंत्र चालवण्याच्या शिक्षणाबरोबरच हा इतिहासही ज्ञात असावा, एवढीच या निबंधामागील अपेक्षा आहे.